वाफेचं इंजिन डबे ओढत नाही? आधी चाकांकडे बघा, स्क्रू-ड्रायव्हर नंतर

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथून गेल्या काही वर्षांत एचओ मापाची (खऱ्या गाडीच्या सुमारे १/८७) जी मॉडेल रेल्वेची वाफेची इंजिनं, म्हणजे दिसायला वाफेची पण विजेच्या मोटरवर चालणारी, माझ्या टेबलावर आली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच. रिकामं छान पळतं, डबे जोडले की चढावर बसतं. आणि यातली निम्म्याहून जास्त इंजिनं मला उघडावीच लागली नाहीत. दोष डब्यांत होता, रुळांवर होता, नाहीतर पुढच्या बोगीच्या (इंजिनाच्या नाकाखालच्या छोट्या चाकांच्या गाड्याच्या) स्प्रिंगमध्ये होता. म्हणून ही तपासणी मी जशी करतो त्याच क्रमाने लिहितोय, फुकटातल्या उपायापासून सुरुवात करून.

लक्षणं

गाडी अडते तिथे खाली वाका, डोळे रुळाच्या पातळीला आणा आणि इंजिनाची मोठी चाकं काय करताहेत ते बघा. पुढचं सगळं यावर ठरतं.

- चाकं गरगर फिरताहेत पण इंजिन जागचं हलत नाही: मोटर ठणठणीत आहे. पकड कमी पडतेय किंवा ओझं जास्त झालंय.
- चाकंच थांबली, मोटर नुसती गुणगुणतेय, दिवा मंद झालाय: आत काहीतरी अडतंय किंवा वीज पुरत नाही.
- मोटरचा आवाज जोरात, चाकं ढिम्म: गिअर सुटलाय किंवा तडकलाय.
- चाकाच्या दर फेऱ्याला एक ठेच लागते: साइड रॉड (मोठी चाकं एकमेकांना जोडणारी दांडी) किंवा चाकांचा कोन बिघडलाय.
- नेहमी एकाच जागी अडतं: इंजिनाला हात लावू नका, रूळ बघा.
- सुरुवातीला ओढतं, दहा-पंधरा मिनिटांनी मलूल होतं: सुकलेलं ग्रीस किंवा तापलेली मोटर.

पहिलं आणि दुसरं लक्षण एकमेकांच्या अगदी उलट आहे, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. चाकं घसरत असताना मोटर बदलायला निघतात, आणि चाकं अडकत असताना इंजिनात वजन भरतात. दुसऱ्या चुकीत मोटर जळते.

ओढण्याची ताकद येते कुठून

इंजिन किती ओढेल हे दोनच गोष्टी ठरवतात: मोठ्या चाकांवर पडणारं वजन आणि चाक-रुळाची पकड. धातूचं चाक, स्वच्छ निकेल सिल्व्हर रूळ असेल तर चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी ओढ मिळते. डिझेल इंजिनाच्या मॉडेलमध्ये बहुधा सगळी चाकं फिरवलेली असतात, त्यामुळे त्याचं सगळं वजन कामाला येतं. वाफेच्या इंजिनाचं तसं नाही. आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी इंजिनाचंच बघा, ४-६-२ रचना, म्हणजे पुढची, मधली मोठी आणि मागची चाकं. फिरणारी चाकं सहाच, पुढची चार आणि मागची दोन नुसती आधाराला, आणि टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) तर स्वतःच एक ओझं.

आता हिशोब करा. इंजिन ३०० ग्रॅम, टेंडर १०० ग्रॅम, मोठ्या चाकांवर २६० ग्रॅम. ओढ मिळाली ५२ ते ६५ ग्रॅम. मागे दहा वाघिणी, मिळून ११०० ग्रॅम. चांगल्या फिरणाऱ्या वाघिणीला सपाटीवर वजनाच्या २ टक्के ओढ लागते असं धरा: २२ ग्रॅम. मीटरला २ सेंटिमीटर चढ आला की वाघिणींचे आणखी २२ आणि इंजिन-टेंडरच्या स्वतःच्या वजनाचे ८, एकूण ५२. गाडी जेमतेम चढेल. तोच चढ ३ टक्के केला तर २२ अधिक ३३ अधिक १२, म्हणजे ६७ ग्रॅम. गाडी बसली. इंजिनात काहीही बिघाड नसताना बसली.

कसारा घाटात चढ आहे ३७ ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के, आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर (ढकलायला जादा इंजिन) लावतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली तिला १४ डबे होते आणि ते ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. तेव्हा एका इंजिनाने दहा डबे घेऊन ३ टक्के चढ चढला नाही म्हणून त्याला नावं ठेवू नका.

पहिली तपासणी: डबे (खर्च शून्य)

इंजिन बाजूला ठेवा. एक मीटरभर सरळ फळीवर रूळ बसवा, त्यावर एकच डबा ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. डबा आपण होऊन ज्या उंचीला सुटतो ती मोजा. १०० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर उचलल्यावर सुटला तर तो डबा २ टक्क्यांचा. ४ सेंटिमीटरला सुटला तर त्या एका डब्याला दोन डब्यांची ओढ लागतेय. प्रत्येक डबा असा तपासा आणि आकडा खडूने बुडाखाली लिहून ठेवा.

वाशीच्या एका काकांचं इंजिन दोनदा दुसऱ्यांकडून दुरुस्त होऊन माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, काका, पुढच्या वेळी इंजिन राहू द्या, डबे घेऊन या. आठांपैकी तीन डबे ७ सेंटिमीटर उचलूनही हलेनात. भिंगातून पाहिलं तर आसाच्या टोकाशी, चाकाच्या अगदी मागे, केसाचे वेढे बसलेले. एक केस लांब, करडा. त्यात चादरीचा निळा धागा गुंतलेला, आणि वर तेल-धूळ बसून त्याची काळी घट्ट कडी झालेली. सुईने ती कडी एका जागी तोडली आणि चिमट्याने ओढली, तसा सगळा वेढा स्प्रिंगसारखा उलगडत बाहेर आला. चाकाला टिचकी मारली तर ते फिरतच राहिलं. तीन डब्यांचे सहा आस साफ केले आणि गाडी त्याच दिवशी चढ चढली. काका दिवाणाखाली लेआउट (रुळांची सगळी मांडणी) ठेवत होते. दिवाणाखालच्या लेआउटला हे होणारच, महिन्यातून एकदा आस बघायचे.

डब्यांचं वजनही बघून घ्या. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस अशी: मुळात १ औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ६ इंची वाघीण ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास. डबे रुळावरून उतरतात म्हणून कोणी त्यात नटबोल्ट भरलेले असतात, ते काढा.

दुसरी: रूळ आणि चाकं पुसणं

आपल्याकडे वन बीएचकेमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांत एक भिंत असते, तीही अर्धी. फोडणीचा धूर छताला लागतो तसा रुळांनाही लागतो. बोटाने रूळ पुसून बोट चोळून बघा, ओशट लागलं तर तुमची निम्मी पकड तिथेच गेलेली आहे.

केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. वीज बंद करा, खिडकी उघडा, गॅस बंद असल्याची खात्री करा कारण ते पटकन पेट घेतं. जुन्या सुती बनियनचा तुकडा भिजवून रुळाचा माथा पुसा, फडका काळा येणं थांबेपर्यंत. पॉलिश पेपर किंवा काचकागद रुळाला लावू नका. त्याने पडलेल्या बारीक चरांत घाण जास्त बसते आणि महिन्याभरात रूळ पूर्वीपेक्षा काळे होतात.

चाकांसाठी: टिश्यू पेपर अल्कोहोलने ओला करून रुळांवर आडवा टाका. इंजिनाची अर्धी चाकं कागदावर, अर्धी उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून चाकं फिरू द्या. कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. दिवा किंवा वीज तुटक येत असेल तर तीही बहुतेक वेळा इथेच सुधारते.

तिसरी: रुळाची बैठक

एकाच जागी अडणाऱ्या गाड्यांसाठी ही तपासणी. जुलै-ऑगस्टमध्ये हे फोन वाढतात, कारण ओल्या हवेत प्लायवूड फुगतं आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर उंचवटा येतो. तिथे इंजिनाची मधली चाकं अधांतरी राहतात आणि वजन पुढच्या-मागच्या बोग्यांवर जातं. स्टीलची पट्टी रुळावर उभी धरा आणि खालून मोबाइलचा उजेड टाका, फट लगेच दिसते. चढ मोजताना अंदाजावर जाऊ नका. पुष्कळांनी २ टक्के म्हणून सांगितलेला चढ मोजल्यावर ४ निघालाय. वळणावरच चढ असेल तर ओढ आणखी जास्त लागते. ३७१ किंवा ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या घट्ट वळणावर लांब डबे चढवायचे असतील तर चढ कमी करा, दुसरा मार्ग नाही.

चौथी: वीज (चाकं थांबत असतील तरच)

मल्टिमीटर लागेल, साधासुधा चालतो. गाडी जोडलेली असताना, इंजिन चढावर झगडत असताना, तिथल्या दोन रुळांमधला व्होल्टेज मोजा आणि मग तोच पॉवर पॅकच्या (रुळांना वीज देणाऱ्या पेटीच्या) तोंडाशी मोजा. पॅकशी १२ आणि चढावर ८ मिळाले तर उरलेले ४ रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांत जिरताहेत. दमट हवेत या पट्ट्या आतून काळ्या पडतात. उपाय म्हणजे दर एक-दोन मीटरला खालून वेगळी वायर आणून रुळाला डाग देणं (सोल्डर करणं). इंजिन उभं असताना मोजू नका, ओझ्याशिवाय व्होल्टेज सगळीकडे ठीकच दिसतो.

पाचवी: कागदाच्या पट्टीची परीक्षा

माझ्या अनुभवात वाफेच्या इंजिनांचा खरा दोष सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो, आणि याला खर्च वर्तमानपत्राच्या एका तुकड्याचा.

अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. इंजिन सपाट रुळावर, टेंडर जोडलेलं. एकेका मोठ्या चाकाखाली पट्टी सरकवून हळूच ओढून बघा. सगळ्या चाकांखाली सारखा अडथळा जाणवला पाहिजे. एखाद्या चाकाखालून पट्टी अलगद सुटली तर ते चाक वजन घेत नाही, नुसतं फिरतंय.

कारणं बहुधा तीन. पुढच्या बोगीवरची स्प्रिंग फार ताठ असते आणि ती इंजिनाचं नाक वर उचलते. बोगी रुळावर राहण्यापुरती स्प्रिंग पुरे, एक-दोन वेढे कमी करून बघा. कापायच्या आधी त्याच जाडीची दुसरी स्प्रिंग हाताशी ठेवा. दुसरं, इंजिन आणि टेंडर जोडणारी दांडी वाकलेली असते. टेंडरकडचं टोक उंच असलं तर ओढताना इंजिनाची मागची चाकं उचलली जातात. बाजूने बघा, दांडी आडवी दिसली पाहिजे. तिसरं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: इंजिनातून टेंडरमध्ये जाणाऱ्या वायरी. कुणीतरी डिकोडर (इंजिनातलं नियंत्रण सर्किट) बसवताना जाड, ताठ वायर वापरलेली असते आणि ती खालून टेकूसारखी काम करते. ऐरोलीच्या एका कॉलेजातल्या मुलीच्या ४-६-२ ला नेमकं हेच होतं. वायरी काढून केसासारख्या पातळ, सिलिकॉन आवरणाच्या घातल्या, आणि पाच डबे ओढणारं इंजिन आठ ओढायला लागलं. तिने पट्टीची परीक्षा स्वतः केली, दोष स्वतः शोधला. माझ्याकडे आली ती फक्त डाग द्यायला.

याच वेळी टेंडर सुटं करून त्यालाही फळीवर ठेवून बघा. वीज घेणाऱ्या पितळी पात्या चाकांवर जोरात दाबल्या असतील तर टेंडर ब्रेक लावल्यासारखं वागतं. पाती चाकाला टेकली पाहिजे, रुतायला नको.

सहावी: रबरी टायर

काही इंजिनांच्या एक-दोन जोड्या चाकांवर खाचेत रबराचं कडं असतं. तेल आणि उष्णता लागून ते कडक, चकचकीत होतं किंवा सैल पडतं. नखाने दाबून बघा. नवं कडं घेताना खाचेचा व्यास मोजा, कडं त्याहून किंचित लहान असलं पाहिजे. गोंदाने चिकटवू नका, गोळा होऊन चाक लंगडतं. टायर नसलेल्या इंजिनाला मुद्दाम टायर लावण्यापूर्वी एक ध्यानात घ्या: टायरवाल्या चाकातून वीज येत नाही, त्यामुळे ओढ वाढते पण रूळ बदलायच्या सांध्यावर (पॉइंटवर) इंजिन बंद पडायला लागतं.

सातवी: वजन वाढवणं

चाकं घसरताहेत आणि वरचं सगळं ठीक आहे, अशा वेळीच याकडे वळा. आधी इंजिनाचा तोल बघा. टेंडर काढून इंजिन पेन्सिलवर आडवं तोला. ज्या जागी ते तोलून राहतं ती जागा मोठ्या चाकांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसांच्या मधोमध यायला हवी. तोल पुढे असेल तर केबिनमध्ये वजन द्या, मागे असेल तर बॉयलरच्या तोंडाशी. मोटर टेंडरमध्ये असलेली इंजिनंही असतात. त्यांत फिरणारी चाकं टेंडरची, तेव्हा वजनही टेंडरमध्येच.

वजन कुठून आणायचं? टायरवाल्याकडे गाडीची चाकं बॅलन्स करायला ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या सगळ्यात सोयीच्या, मोजून लावता येतात. शिसं घ्यायचं तर चेंदणी कोळीवाड्यात जाळ्याला लावायचे गोळे विचारा, ठोकून चपटे होतात. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांपासून लांब ठेवा आणि घरात वितळवू नका. वजन मोटर किंवा गिअरला टेकता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिनाला टेबलाशी धरून पूर्ण व्होल्टेज दिला तर चाकं घसरत फिरली पाहिजेत. हे घसरणं म्हणजे मोटरचा फ्यूज आहे. वजन इतकं भरलं की चाकं घसरायच्या ऐवजी थांबतात, तर सगळा करंट मोटरच्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसतो आणि मोटर, डिकोडर दोन्ही जातात. म्हणून दर १० ग्रॅमला ही परीक्षा करा, एक-दोन सेकंदांपुरतीच. चाकं थांबली की शेवटचं वजन काढा आणि तिथेच थांबा.

ओढ मोजायची असेल तर टेंडरच्या कपलिंगला दोरा बांधा, तो टेबलाच्या कडेला ठेवलेल्या गुळगुळीत पुलीवरून खाली सोडा आणि त्याला कागदी कप लावा. कपात नाणी टाकत जा. इंजिन जागेवर घसरायला लागलं की कप नाण्यांसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जो आकडा येईल ती तुमच्या इंजिनाची ओढ. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर मोजा, म्हणजे कशामुळे फरक पडला ते कळतं.

आठवी: तेल आणि ग्रीस

इथून पुढे इंजिन उघडावं लागतं. झाकण काढताना प्रत्येक स्क्रू कागदावर इंजिनाचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटवा, लांबी वेगवेगळी असते.

वर्म गिअरवरचं (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरवरचं) जुनं ग्रीस मेणासारखं पिवळं, घट्ट झालं असेल तर लाकडी काडीने खरवडून काढा, अल्कोहोलने पुसा आणि प्लॅस्टिकला चालणारं नवं ग्रीस लावा, मोहरीएवढं. आसांना आणि रॉडच्या पिनांना हलकं तेल, सुईच्या टोकावर राहील इतकंच. खोबरेल तेल घालू नका. ते थंडीत थिजतं आणि एरवी चिकट होतं, कितीतरी इंजिनं मी त्यातून सोडवलीत. जास्तीचं तेल खाली उतरून टायर आणि रुळावर जातं आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्या तपासणीपाशी येता.

इथे थांबा

मोटर सोडवून इंजिन हाताने ढकला. सहज पळालं तर दोष मोटरकडे. दर फेऱ्याला त्याच जागी अडलं तर साइड रॉड काढून पुन्हा ढकला. रॉडशिवाय मोकळं आणि रॉडसकट अडतं असं निघालं तर एखादा रॉड वाकलाय किंवा डाव्या-उजव्या बाजूच्या पिनांमधला ९० अंशांचा कोन सरकलाय. वाकलेला रॉड डोळ्याला दिसत असेल तर सरळ करून बघा. कोन मात्र घरी जुळवायला जाऊ नका. चाक आसावरून ओढून काढायला खेचणी लागते आणि परत बसवायला कोन धरणारा साचा. हातोडीने ठोकलं तर आस वाकतो, आणि मग ते इंजिन कधीच सरळ चालत नाही. मी स्वतः एक असं घालवलंय, ०-६-० होतं, आजही खणात पडून आहे. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही लेथवाल्याकडेही ते नेऊ नका. त्याचा हात चांगला असतो, पण त्याला हा कोन माहीत नसतो. मॉडेल इंजिनांवर काम केलेल्या माणसाकडेच द्या.

आसावरचा प्लॅस्टिक गिअर तडकला असेल, मोटर तापून जळका वास येत असेल, जुन्या उघड्या मोटरचं चुंबक मेलं असेल, तरीही कारागीर. पितळी हातघडणीच्या इंजिनाला तर पट्टीच्या परीक्षेपलीकडे हात लावू नका. वॉरंटीत असेल तर झाकणाचा स्क्रूसुद्धा फिरवू नका. आणि पॉवर पॅक गुरगुरत असेल, तापत असेल किंवा शॉक देत असेल तर प्लग काढा आणि तो उघडू नका. आत २३० व्होल्ट आहेत, तिथे आपला छंद संपतो.

दुरुस्तीला देताना इंजिन टेंडरसकट द्या, एकटं नको. सोबत नेहमीचे दोन डबे द्या, आणि कागदावर लिहा: चाकं घसरतात की थांबतात, किती डब्यांना, किती टक्के चढावर, आणि कपाच्या परीक्षेत किती ग्रॅम आले. इंजिन उशीच्या फोममध्ये खाच कापून तीत चाकं वर करून ठेवा, म्हणजे लोकलच्या गर्दीत रॉडवर दाब येणार नाही.